डॉ. भाऊ दाजी लाड : मांद्र्याचे ज्ञानोपासक

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे नाव आज बहुतेकांना तेथील सुंदर समुद्रकिनाऱ्यामुळे ठाऊक असते. परंतु ज्या पुरुषाने हिंदुस्थानच्या विस्मृत इतिहासाची पाने उलगडली व मुंबई विद्यापीठाच्या पायाभरणीत ज्याचा हात लागला, त्याची ही जन्मभूमी आहे हे फार थोड्यांना माहीत असेल. रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म इ. स. १८२२ मध्ये झाला. घरातील लाडक्या नावापुढे वडिलांचे 'दाजी' हे नाव जोडले गेले आणि पुढे साऱ्या जगाने त्यांना डॉ. भाऊ दाजी म्हणूनच ओळखले.

त्या काळी पेडणे, डिचोली हे महाल पोर्तुगीज अंमलाखाली येऊन फारशी वर्षे लोटली नव्हती. उच्च शिक्षणाची सोय तेथे नव्हती. लहानग्या भाऊंची बुद्धिबळातील हुशारी पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना या मुलास इंग्रजी शिकवा असा सल्ला दिला, असे सांगतात. तो सल्ला मानला गेला आणि भाऊ मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. काठेवाड व कच्छ या प्रांतांत नवजात मुलींची हत्या करण्याची दुष्ट चाल होती. तिच्यावर विद्यार्थिदशेत लिहिलेल्या निबंधास त्यांना बक्षीस मिळाले. मुलींच्या कल्याणाविषयीची ही कळकळ त्यांच्या ठायी अखेरपर्यंत टिकून राहिली.

पुढे ते एल्फिन्स्टनमध्येच शिक्षक झाले. परंतु १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडताच शिक्षकाची खुर्ची सोडून ते पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसले. त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत ते होते. वैद्यकीय व्यवसायात त्यांना लौकर यश व संपत्ती लाभली. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचेही त्यांना साहाय्य होते.

या संपत्तीचा विनियोग त्यांनी विद्येसाठी केला. रुग्णांना तपासून उरलेला वेळ ते जुन्या पोथ्या, नाणी व शिलालेख यांच्या अभ्यासात घालवीत. ऐकीव माहितीवर त्यांचा विश्वास नसे. लेख मुळातून वाचावा, त्याचा ठसा घ्यावा, अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, अशी त्यांची रीत होती. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांची वाचने त्यांनी प्रसिद्ध केली. जुनागढचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे गुण हेरून १८६२ मध्ये त्यांना मुंबईस आणले व देशभरच्या लेखांच्या नकला घेण्याच्या कामी लावले. या पंडितांना पुढे १८८४ मध्ये हॉलंडातील लायडन विद्यापीठाने सन्मान्य पदवी दिली.

आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत गोंधळ होता. भाऊंनी आर्यभटीयाची हस्तलिखिते मिळविली. कलियुगाची ३६०० वर्षे लोटली तेव्हा आपण तेवीस वर्षांचे होतो, असे ग्रंथकाराने स्वतःच नोंदविले आहे. ते वर्ष इ. स. ४९९, त्यातून तेवीस वजा करता जन्मवर्ष ४७६ निघते. एवढ्या सरळ हिशेबाने एक जुना वाद मिटला. मात्र हिशेब मांडण्यापूर्वी मूळ पोथी हाती यावी लागली!

खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथील पडक्या देवळात त्यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला होता, असे तो लेख सांगतो. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा असून त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावरील उत्पन्न व घाण्यांतील तेल यांचा वाटा या मठास द्यावा, अशी त्यात व्यवस्था आहे. गावातील तेल्यानेही विद्येस हातभार लावावा, हा केवढा थोर विचार!

तोच विचार भाऊंनी आपल्या काळात आचरिला. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये नाना शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ दाजीही होते. याच विद्यापीठातून १८६२ साली न्या. रानडे व डॉ. भांडारकर बी. ए. झाले. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेचे भाऊ हे पहिले हिंदी अध्यक्ष. या सभेने मुलींच्या शाळा चालविल्या आणि भाऊंच्या नावे एका कन्याशाळेस चाहत्यांनी देणगी दिली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ पासून त्यांचेच नाव आहे. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. कालिदास म्हणजेच काश्मीरचा मातृगुप्त, असे मत त्यांनी मांडले होते. पुढील विद्वानांनी ते मान्य केले नाही. तथापि मत व त्याचा आधार छापून लोकांपुढे ठेवल्यामुळेच ते तपासता आले आणि संशोधन पुढे गेले. याउलट कुष्ठरोगावर त्यांनी एक उपाय शोधला होता. कडू कवठाच्या बियांचे तेल त्यात मुख्य होते. प्रयोग पुरे होईपर्यंत ही कृती त्यांनी गुप्त ठेवली आणि मृत्यूने मध्येच गाठले. त्यांच्या हातून बरे वाटलेल्या रोग्यांचा अनुभव इतर वैद्यांच्या फारसा उपयोगी पडला नाही. चुकीचे ठरलेले मत उपयोगी पडले, कारण ते प्रकट होते. गुणकारी औषध मात्र वैद्याबरोबरच मावळले. ज्ञान वाटल्याखेरीज पुरे होत नाही, हाच याचा बोध.

भाऊंनी जमविलेल्या पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. गोमंतकीय पंडित अ. का. प्रियोळकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी येथे महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत गोव्याच्या मुलांना पदव्या देणारे विद्यापीठ ते हेच. ज्याला शिक्षणासाठी गाव सोडावे लागले, त्याने उभारण्यास साहाय्य केलेली संस्था शंभर वर्षांनी त्याच्या गावच्या मुलांच्या दारी आली.

विद्यार्थी मित्रहो, डिचोली तालुक्यात हरवळ्याची लेणी आहेत. नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराच्या दारावर शिवछत्रपतींच्या जीर्णोद्धाराचा १६६८ सालचा शिलालेख आहे. सहलीस जाल तेव्हा तो लेख नुसता पाहून परतू नका. वही काढा, अक्षरे उतरून घ्या, न लागलेले अक्षर गुरुजींना विचारा आणि जे उमगेल ते वर्गात सर्वांना सांगा. भाऊ दाजींचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.