दासांचा दास : श्रीरामानुजाचार्य

अधिकार हाती आला की सेवा सुटते, आणि सेवेस वाकावे तर अधिकार उणा होईल अशी भीती वाटते. राजापासून घरातील कर्त्या पुरुषापर्यंत सर्वांना हा पेच पडतो. श्रीरामानुजाचार्यांना तो कधी पडला नाही; कारण त्यांच्या अधिकाराचे मूळ प्रेमात होते.

परंपरेप्रमाणे आचार्यांचा जन्म इ. स. १०१७ मध्ये तमिळ देशातील श्रीपेरुंबुदूर येथे झाला. पिता केशव सोमयाजी, माता कांतिमती. कांचीस वेदान्ताचे अध्ययन चालू असता त्यांना कांचीपूर्णांचा सहवास लाभला. कांचीपूर्ण जन्माने ब्राह्मण नव्हते. भगवान वरदराजास पंखा घालणे ही त्यांची नित्यसेवा. रामानुजांनी त्यांना गुरुस्थानी मानले. पुढील आयुष्याचे बीज येथेच पडले.

संन्यास घेऊन ते श्रीरंगमला आले. मंत्राचा रहस्यार्थ मिळावा म्हणून ते तिरुक्कोट्टियूरच्या गोष्ठीपूर्णांकडे अठरा वेळा गेले. अखेर गुरूंनी उपदेश केला, पण तो गुप्त राखण्याची आज्ञा घातली. आज्ञाभंगाचे फळ नरक होते. उपदेश मिळताच आचार्यांनी तो मंदिराजवळ जमलेल्या भाविकांना उंचावरून मोठ्याने सांगून टाकला. गुरू संतप्त झाले. तेव्हा, एवढे जीव तरत असतील तर आपण एकट्याने नरकात जाण्यास सिद्ध आहोत, असे रामानुजांनी नम्रपणे निवेदन केले. गुरूंचा कोप विरला आणि त्यांनी शिष्यास हृदयाशी धरले.

श्रीरंगमच्या मंदिराची व्यवस्था आचार्यांकडे आली. देवस्थानाच्या ‘कोयिल ओळुगु’ या वृत्तांतात त्यांनी घालून दिलेल्या सेवाक्रमाचे वर्णन आहे. निरनिराळ्या वर्णांच्या सेवकांना त्यांनी आपापली कामे नेमून दिली. एवढ्या मोठ्या देवस्थानाची सूत्रे हाती असूनही ते स्वतः भिक्षेवर राहत.

याच काळात धनुर्दास नावाचा मल्ल त्यांच्या दृष्टीस पडला. पत्नी हेमांबेच्या नेत्रांवर तो इतका लुब्ध होता की भर रस्त्यात तिच्यावर छत्र धरून चाले. लोक हसत होते. आचार्य हसले नाहीत. एवढे प्रेम करू जाणणाऱ्या हृदयास केवळ दिशा हवी, हे ओळखून त्यांनी त्यास श्रीरंगनाथाच्या नेत्रांचे दर्शन घडविले. ते दांपत्य कायमचे देवाचे झाले. कावेरीवर स्नानास जाताना आचार्य ब्राह्मण शिष्य दाशरथीचा हात धरीत. स्नानोत्तर परतताना मात्र धनुर्दासाचा. काही शिष्यांना हे रुचेना.

आचार्यांनी त्यांना उपदेश केला नाही; रात्री हेमांबेच्या अंगावरील दागिने काढून आणण्यास सांगितले. ती जागीच होती. वैष्णव गरजेपोटी आले असावेत असे समजून ती स्वस्थ पडून राहिली आणि दुसऱ्या बाजूचेही दागिने त्यांना मिळावेत म्हणून कूस वळली. शिष्य घाबरून पळाले. धनुर्दास घरी येताच, तू हललीस म्हणूनच ते पळाले, दागिने देणारी मी ही भावना तुझ्या मनात राहिली, असे म्हणून त्याने पत्नीलाच दोष दिला. दाराआड लपून ऐकणाऱ्या शिष्यांच्या माना खाली गेल्या. आपली वस्त्रे कोणी फाडली एवढ्यावरून त्याच सकाळी ते आपसात भांडले होते.

आचार्यांची ही वागणूक त्यांच्या गीताभाष्याशी सुसंगत होती. सातव्या अध्यायात भगवान ज्ञानी भक्तास आपला आत्मा म्हणतात. त्याचा आशय आचार्यांनी असा लाविला की, भक्त जसा भगवंतावाचून राहू शकत नाही, तसे भगवंताचे धारणही भक्ताच्या अधीन आहे. प्रत्यक्ष सर्वेश्वर प्रेमाने भक्ताधीन होतो, तर त्याच्या सेवकाने उच्चासनाचा अभिमान कशासाठी धरावा?

पुढे चोळ राजाच्या रोषामुळे आचार्यांच्या जिवावर प्रसंग आला. शिष्य कूरेश गुरूंची काषाय वस्त्रे नेसून त्यांच्या जागी दरबारात गेले आणि तेथे आपले डोळे गमावून बसले. आचार्य मेलकोटेस गेले आणि बऱ्याच वर्षांनी श्रीरंगमला परतले. त्यांनी कूरेशांना वरदराजाकडे दृष्टी मागण्यास सांगितले. कूरेशांनी मागितले ते निराळेच : ज्या नालूरानामुळे हा अनर्थ घडला, त्यासही आपल्यासारखीच सद्गती मिळावी! उंचावरून सर्वांसाठी नरक पत्करणाऱ्या गुरूचे हृदय आता शिष्याच्या ठायी बोलत होते.

कालांतराने कूरेशांनी श्रीरंगनाथाकडे मोक्ष मागितला, तेव्हा तो त्यांच्या सर्व संबंधितांसह मिळाला. हे कळताच वृद्ध आचार्यांनी आनंदाने आपले उत्तरीय आकाशात उडविले, असे परंपरा सांगते. शिष्याच्या संबंधाने आपलाही उद्धार झाला, याचा त्यांना हर्ष झाला होता. सहस्रावधींचा गुरू आपल्याच शिष्याच्या पुण्याईचा आश्रित म्हणवून धन्य होत होता.

परंपरेप्रमाणे इ. स. ११३७ मध्ये श्रीरंगमला आचार्यांनी देह ठेविला. ज्यास चार माणसे पुढारी मानतात, त्याने या चरित्रापाशी क्षणभर थांबून आपण कोणाचा हात धरून चालतो हे पाहावे.