जन्मतःच दहापैकी किती?

तुमची पहिली परीक्षा कोणती? बालवाडीतली नाही, दहावीची तर नाहीच. ती झाली तेव्हा तुमचं वय होतं फक्त एक मिनिट! आईनं कपाटात जपून ठेवलेली तुमच्या जन्माची फाईल सापडली तर बघा. वजनाच्या आसपास कुठेतरी 'अपगार' असं लिहिलेलं असेल आणि पुढे दोन आकडे. माझ्या फाईलमध्ये ८ आणि ९ आहेत. मला वाटलं, असेल डॉक्टरांचा एखादा शॉर्टफॉर्म. निघालं एका बाईंचं आडनाव.

डॉ. व्हर्जिनिया अपगार. जन्म ७ जून १९०९, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. १९३३ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. व्हायचं होतं सर्जन, पण बाईचा त्यात टिकाव लागणं कठीण, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. त्या रुसून बसल्या नाहीत. १९४९ मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या.

भूल देता देता त्यांचं लक्ष गेलं बाळांकडे. विचार करा, पोटात असताना तुमच्या फुप्फुसांत हवा नव्हती, द्रव होता. ऑक्सिजन यायचा आईच्या रक्तातून, वार आणि नाळेमार्फत. जन्मल्यावर काही क्षणांत फुप्फुसांनी हवा भरून घ्यायची आणि रक्ताभिसरणाचा मार्गच बदलायचा! बहुतेकांना हे जमतं. काहींना नाही जमत. त्या काळी प्रसूतीनंतर सगळ्यांचं लक्ष आईकडे असायचं. निळं पडलेलं, न रडणारं बाळ वाचणारच नाही असं समजून अनेकदा बाजूला ठेवलं जायचं.

१९४९ मधली गोष्ट. सकाळी नाश्त्याच्या वेळी एका विद्यार्थ्यानं विचारलं, नवजात बाळाची तब्येत मोजायची कशी? अपगारबाईंनी हाताशी आलेल्या कागदावर पाच मुद्दे लिहून काढले. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. ना मशीन, ना खर्च. नुसते डोळे, कान, हात आणि घड्याळ. १९५३ मध्ये ही पद्धत छापून आली. आधी एका मिनिटाला गुण द्यायचे, पुढे पाचव्या मिनिटालाही द्यायला लागले.

गंमत म्हणजे पहिल्या मिनिटाला दहापैकी दहा क्वचितच मिळतात, कारण तेव्हा बहुतेक बाळांचे हातपाय निळसरच असतात. सात किंवा त्याहून जास्त म्हणजे ठीक. त्याहून कमी म्हणजे बाळाकडे जास्त लक्ष द्या. तीन किंवा त्याहून कमी म्हणजे पळा! गुण लिहायचे तर बाळाकडे बघावंच लागतं, आणि बघितलं की हात आपोआप मदतीला जातात. या गुणांमुळे तुलनाही करता आली. आईला दिलेली भूल वारेतून बाळापर्यंत पोचते. सायक्लोप्रोपेन या वायूमुळे बाळं मलूल पडतात, हे अपगारबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

पन्नाशीत लोक निवृत्तीचे हिशोब करतात. या बाई १९५९ मध्ये सार्वजनिक आरोग्याची नवी पदवी घेऊन जन्मजात व्यंगांवर काम करायला निघाल्या. फावल्या वेळात चेलो वाजवायच्या, वाद्यं स्वतः बनवायच्या. रस्त्यात कुणाचा श्वास अडकला तर हाताशी असावं म्हणून श्वासनलिकेत घालायची नळी कायम पर्समध्ये. ७ ऑगस्ट १९७४ ला त्या गेल्या. परीक्षा मात्र आजही जगभर चालू आहे.

आणि हो, फाईलमध्ये पहिला आकडा कमी दिसला तर टेन्शन घेऊ नका. तुम्ही हुशार की ढ, हे तो आकडा सांगतच नाही. त्या मिनिटाला तुम्हाला मदतीची गरज होती आणि कुणीतरी तुमच्याकडे नीट बघत होतं, हे तो सांगतो.