ॲलन ह्यूम : अंड्यांवरचे ठिपके टिपणारे साहेब

इतिहासाच्या पुस्तकात ॲलन ह्यूम हे नाव एका ओळीत येतं आणि संपतं. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या स्थापनेत ह्यूम यांचा पुढाकार होता. पण त्यांची दुसरी ओळख होती पक्ष्यांची.

१८२९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले ह्यूम सरकारी नोकरीसाठी भारतात आले. नोकरी सांभाळून पक्षी, घरटी, अंडी गोळा करायचे. इटाव्याला असताना १८५७ च्या उठावात त्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अंड्याचं वर्णन करायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. आकार कसा, चकाकी आहे का, मूळ रंग कोणता, त्यावरचे ठिपके बारीक की मोठे, कुठल्या रंगाचे, रुंद टोकाकडे दाटी करतात का, हे सगळं ते नोंदवत. मग लांबी-रुंदी इंचात. तीसुद्धा एकाच अंड्याची नाही, बऱ्याच अंड्यांची मोजून सरासरी! कारण कावळ्याचीच अंडी घ्या. निळसर हिरव्यावर तपकिरी ठिपके, पण कुठे गच्च तर कुठे तुरळक. एकच अंडं बघून लिहिलं तर चुकणारच. त्याच घरट्यात कोकिळेचं अंडंही असू शकतं. रंगाने जवळपास तसंच, पण आकाराने लहान. म्हणजे नुसत्या डोळ्यांवर भागत नाही, मोजपट्टी लागतेच. (तुम्ही मात्र घरट्याला हात लावायचा नाही बरं का. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अंडी काढायला बंदी आहे.)

एकट्याने एवढा मोठा देश कसा बघणार? जागोजागचे अधिकारी त्यांना अंडी आणि टिपणं पाठवत. १८७२ साली ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक सुरू केलं. आपल्या मालेगावला लागूनच खानदेश. त्या पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची जेम्स डेव्हिडसन यांनी केलेली यादी १८८२ साली त्यातच छापून आली.

त्याच वर्षी ह्यूम निवृत्त झाले. आता सगळ्या भारतीय पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा होता. पंचवीसेक वर्षांची हस्तलिखितं शिमल्याच्या घरी होती. ते घरी नसताना नोकराने ती बाजारात रद्दीत विकून टाकली! वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. अंड्यांबद्दलची काही टिपणं आधी छापली होती म्हणून तेवढी वाचली.

ह्यूम यांचं मन त्यातून उडालं. १८८५ साली, म्हणजे मुंबईचं अधिवेशन भरलं त्याच वर्षी, त्यांनी सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. त्यात अठरा हजारांहून जास्त अंडी होती. पुढे त्यांनी पक्षी मारणं तर सोडलंच, मांसाहारही सोडला. उतारवयात लंडनमध्ये ते वनस्पती जमवू लागले. १९१० साली तिथे त्यांनी वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली, आणि १९१२ साली त्यांचं निधन झालं.