भिंगाची परीक्षा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या छायाचित्र मंडळाने वर्गणी काढून 50 मिलिमीटरची एक जुनी लेन्स घ्यायचे ठरवले. दुकानदाराने दोन दिवस वापरून पाहायला दिली. मंडळाचा खजिनदार मी, म्हणून ती पारखण्याचे काम माझ्याकडे आले. काच स्वच्छ, कडेवर छापलेले नाव मोठे. एवढ्यावरच मी खूश होतो. पण आमच्या मंडळाचे मार्गदर्शक सर इतिहास शिकवत असले तरी कॅमेऱ्याचे जुने शौकीन आहेत. नाव वाचून लेन्स घ्यायची नसते, असे त्यांनी बजावले आणि परीक्षेची रीत सांगितली.

वर्तमानपत्रातले छोट्या जाहिरातींचे पान मी व्हरांड्याच्या भिंतीवर सपाट चिकटवले. कॅमेरा तिकाटण्यावर, पानाच्या बरोबर समोर, भिंतीला समांतर ठेवला. हाताचा धक्का लागू नये म्हणून टायमर लावला आणि छिद्राच्या प्रत्येक आकड्यावर, म्हणजे 2 पासून 22 पर्यंत, एकेक फोटो घेतला. मग संगणकावर मधली आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे ताडून पाहिली. 2 वर मधली अक्षरे ठीक होती, पण कोपऱ्यांतली ओल्या कागदावरच्या शाईसारखी फिसकटलेली. 8 वर पान कडेपर्यंत लख्ख वाचता येत होते. 22 वर मात्र सगळेच पान पुन्हा मऊ पडले. छिद्र जितके लहान तितके चित्र रेखीव, अशी माझी समजूत. तेव्हा लेन्स सदोष आहे आणि दुकानदार आपल्याला फसवतो आहे, असा निकाल मी देऊन टाकला.

सरांनी फोटो पाहिले आणि ते हसले. हा दोष लेन्सचा नाही, कितीही महाग लेन्स आणली तरी 22 वर असेच होणार. अगदी बारीक छिद्रातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो, असे त्यांनी समजावले. आणि अर्न्स्ट आबे हा माणूस कोण होता ते शोधून काढ, म्हणून मला ग्रंथालयात पिटाळले. मी गेलो तो प्रकाशाचा नियम वाचायला. हाती लागले एक चरित्र.

आबे यांचा जन्म जर्मनीतल्या आयझेनाख गावी 23 जानेवारी 1840 रोजी झाला. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाचे चौदा ते सोळा तास काम, आणि जेवायलाही सुट्टी नाही. लहानगा अर्न्स्ट जेवणाचा डबा घेऊन जाई आणि वडील यंत्राशी उभ्या उभ्याच चार घास खात. हे दृश्य तो मुलगा जन्मभर विसरला नाही. पुढे गिरणीच्या मालकांच्याच मदतीने तो शिकला. 1861 मध्ये ग्योटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवली आणि 1863 पासून येना विद्यापीठात शिकवू लागला.

येना गावात कार्ल त्साइस यांचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. त्या काळी कारागीर भिंगे घासत, एकमेकांपुढे लावून पाहत, जमले तर ठेवत, नाही तर पुन्हा घासत. चांगले भिंग हा नशिबाचा भाग. हे काम गणिताने व्हावे असे त्साइस यांना वाटे, म्हणून 1866 मध्ये त्यांनी या तरुण प्राध्यापकाला मदतीला घेतले.

आबे यांनी आकडेमोड करून भिंगे बनवून घेतली, आणि ती जुन्या अंदाजाने घासलेल्या भिंगांपेक्षा वाईट निघाली! दोष टाळावेत म्हणून त्यांनी प्रकाश आत घेण्याचा कोन लहान ठेवला होता. त्यामुळे बारीक तपशीलच दिसेनासा झाला. दुसऱ्या एखाद्याने कारागिरांना बोल लावला असता. आबे यांनी मात्र अपयशाचे कारण आपल्याच गणितात शोधले. सूक्ष्म वस्तूवरून प्रकाश पसरतो आणि तो पसरलेला प्रकाश भिंगाने पुरेसा गोळा केला नाही तर तपशील हरवतो, हे त्यांना उमगले. 1873 मध्ये त्यांनी हा सिद्धान्त प्रसिद्ध केला. साध्या प्रकाशात उत्तम सूक्ष्मदर्शकालाही मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही, अशी ती मर्यादा आहे. तिचे सूत्र येना येथे त्यांच्या स्मारकावर कोरलेले आहे. ती ओलांडण्याच्या युक्त्या शोधणाऱ्या तिघांना 2014 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

भिंग पारखण्यासाठी आबे यांनी चाचणीची काचही तयार केली. काचेवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर ओरखडलेल्या बारीक रेघा. रेघांच्या कडा स्वच्छ दिसतात की रंगीत, पुसट दिसतात, यावरून भिंगाचे गुणदोष कळत. माझे जाहिरातींचे पान हा त्या काचेचा गरीब नातलगच म्हणायचा!

1884 मध्ये ओटो शोट यांच्यासह येना येथे खास काचेची प्रयोगशाळा निघाली. आबे यांनीच 1886 मध्ये पाउल रुडोल्फ यांना कारखान्यात आणले आणि तिथून कॅमेऱ्याची भिंगे निघू लागली; 1902 ची टेसार ही त्यांतली प्रसिद्ध. क्षयाचे जंतू 1882 मध्ये शोधणारे रॉबर्ट कॉख हेही याच कारखान्याची यंत्रे वापरत.

एव्हाना आबे भागीदार आणि श्रीमंत झाले होते. 1888 मध्ये त्साइस वारले. पुढच्याच वर्षी आबे यांनी त्साइस यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले आणि 1891 मध्ये आपला मालकीहक्क त्याला देऊन टाकला. 1896 च्या घटनेत कामगारांना पगारी रजा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. नोकरी देताना धर्म वा पक्ष पाहायचा नाही असे ठरले. वरिष्ठांच्या पगारालाही कामगारांच्या सरासरी कमाईच्या दहापट ही मर्यादा घातली गेली. 1900 मध्ये कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. उभ्याने जेवणाऱ्या बापाचे ऋण मुलाने असे फेडले. 14 जानेवारी 1905 रोजी आबे यांचे निधन झाले.

आपले स्वतःचे नाव त्यांनी प्रतिष्ठानाला दिले नाही, भिंगांवरही घातले नाही. नावापेक्षा रेघ स्पष्ट दिसते की नाही हेच ते पाहत आले. आणि दोष दिसला की आधी स्वतःचे गणित तपासत. मी मात्र आठ फोटोंच्या आधारावर एका दुकानदाराला लबाड ठरवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी पैसे चुकते करून लेन्स घेतली. दुकानदाराला अर्थातच काही माहीत नव्हते. त्याने चहा मागवला. तो पिताना मला जरा अवघडल्यासारखे झाले खरे.