पेशी वाचायला शिकवणारे डॉ. पापानिकोलाऊ

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केली जाणारी ‘पॅप’ तपासणी अनेकींना माहीत असते. त्यातला ‘पॅप’ म्हणजे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ. आज संगणक सूक्ष्मदर्शकातील चित्रांतून कर्करोगाच्या पेशी शोधू लागला आहे. त्यामागे या ग्रीक डॉक्टरांची चिकाटी आहे.

त्यांचा जन्म १८८३ चा, ग्रीसमधल्या किमी गावचा. वडील डॉक्टर होते. अथेन्समध्ये वैद्यकीय पदवी आणि म्युनिकमध्ये डॉक्टरेट घेऊन १९१३ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह न्यूयॉर्कला आले. जवळ पैसा नव्हता, इंग्रजी धड येत नव्हते. सुरुवातीला त्यांनी दुकानात गालिचे विकले, मेरींनी बटणे शिवली. पुढे त्यांना कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळाले.

तिथे गिनीपिगच्या मादीचे ऋतुचक्र तिला न मारता ओळखायचे होते. योनीतील स्राव काचपट्टीवर पसरून पाहिला, तेव्हा पेशी दिवसागणिक बदलताना दिसल्या. मग त्यांनी स्त्रियांचे नमुने पाहायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत मदतीला मेरीच होत्या आणि वर्षानुवर्षे स्वतःचे नमुनेही त्यांनीच दिले. पुढे कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या नमुन्यांत वेगळ्या पेशी आढळल्या. त्यांचे केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे होते.

१९२८ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले होते. पण तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असा तज्ज्ञांचा सूर होता. तुकडा काढायला आधी संशय यावा लागतो आणि पेशी त्यापूर्वीच बदलू लागतात, हे पटायला बरीच वर्षे गेली. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र पालटले. जिथे तपासणी नियमित झाली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू खूप घटले. १९६२ मध्ये मायामीत डॉक्टरांचे निधन झाले.

या यशातून नवी अडचण उभी राहिली. एका काचपट्टीवर हजारो पेशी असतात आणि बिघडलेल्या कधी कधी मोजक्याच. दिवसभर काचपट्ट्या पाहून डोळे थकतात, नजर चुकते. म्हणून १९५० च्या दशकापासूनच पेशी तपासणारी यंत्रे बनवण्याचे प्रयत्न झाले. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘पॅपनेट’ या न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या यंत्रणेला मान्यता मिळाली. आजचे ‘डीप लर्निंग’ त्याच्या पुढचे पाऊल आहे. तज्ज्ञांनी निरोगी वा रोगट अशी खूण केलेली असंख्य चित्रे संगणकाला दाखवतात आणि त्यांतला फरक तो स्वतः शिकतो. मग संशयास्पद पेशी तो पुढे काढून देतो, निदान मात्र डॉक्टर करतात. काचपट्टीचा रंग किंवा स्कॅनर बदलला तरी संगणक फसू शकतो. त्यामुळे तो आपल्याकडच्या नमुन्यांवर पारखून घ्यावा लागतो.

भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच कर्करोग आढळतो. आमच्या सरकारी रुग्णालयात अनेक जणी अंगावरून रक्त जाऊ लागल्यावरच येतात. नमुनाच घेतला नाही, तर डॉक्टर काय आणि संगणक काय, पाहणार तरी कशात? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने त्रास नसतानाही जवळच्या रुग्णालयात या तपासणीची चौकशी करावी.