कुंपण नसलेले घर : योहान विखर्न ह्यांचे चरित्र

ज्या मुलाविषयी आईबापांनी आशा सोडली, शाळेने ज्याचे नाव काढून टाकले आणि ज्याच्या तक्रारी वारंवार चावडीवर जातात, अशा मुलाचे पुढे काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीच्या काळी त्यास बहुधा दोनच उत्तरे मिळत : छडी अथवा तुरुंग. ह्यांहून निराळा मार्ग ज्यांनी दाखविला, त्यांत जर्मनीतील योहान हिनरिख विखर्न ह्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांस, विशेषतः खेडोपाडी मंडळ्यांची काळजी वाहणाऱ्या उपदेशक बंधूंस, उपयोगी पडेल अशा भरवशाने आम्ही ते येथे थोडक्यात देत आहो.

विखर्न ह्यांचा जन्म २१ एप्रिल १८०८ रोजी हॅम्बुर्ग ह्या बंदराच्या शहरी झाला. भावंडांत ते सर्वांत थोरले. १८२३ साली वडील वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. आई व धाकटी भावंडे ह्यांचा भार अंगावर पडल्याने ते शिकवण्या करून घरखर्चास हातभार लावू लागले. बाप नसलेल्या घरात चूल कशी पेटते, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे हितचिंतकांच्या साह्याने त्यांनी ग्योटिंगेन व बर्लिन येथील विद्यापीठांत ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि १८३१ साली ते आपल्या गावी परतले.

हॅम्बुर्गच्या संत गेओर्ग ह्या भागात राउटेनबर्ग नावाच्या पाळकांनी गरिबांच्या मुलांसाठी रविवारची शाळा चालविली होती. १८३२ साली विखर्न तीत शिकवू लागले. शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरी जाऊन भेट देण्याचा त्यांनी नेम धरला आणि तेथेच त्यांचे डोळे उघडले. एकेका अंधाऱ्या खोलीत सबंध कुटुंब राहत असे. बाप दारूच्या आहारी, आई कष्टाने खंगलेली, आणि मुले दिवसभर रस्त्यावर भीक मागत अथवा चोरी करीत फिरत. रविवारी तासभर दिलेले शिक्षण उरलेले सहा दिवस धुऊन नेत. अशा मुलास चांगल्या वचनांबरोबर एक चांगले घरही पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली.

१२ सप्टेंबर १८३३ रोजी शहरात जाहीर सभा भरली. तीत विखर्न ह्यांनी आपली योजना मांडली आणि 'उद्धारगृह' स्थापण्याचे ठरले. कार्ल झीव्हकिंग ह्या थोर गृहस्थांनी शहराबाहेर होर्न ह्या खेड्यातील आपले एक जुने, गवताने शाकारलेले घर ह्या कामास दिले. त्या घरास लोक 'राउहेस हाउस' म्हणत. शब्दशः अर्थ घेतल्यास ते 'खडबडीत घर' होय. पुढे हे नाव सबंध युरोपात आदराने घेतले जाऊ लागले.

३१ ऑक्टोबर रोजी पंचवीस वर्षांचे विखर्न आपली आई व बहीण ह्यांसह त्या घरात राहावयास गेले. ८ नोव्हेंबर रोजी पहिली मुले आली आणि वर्ष संपण्यापूर्वी त्यांची संख्या बारा झाली. कोणाचे आईबाप दारूबाज अथवा गुन्हेगार होते. कोणास आपला म्हणावयास कोणीच नव्हते. एका बारा वर्षांच्या मुलाच्या नावावर पोलिसांकडे नव्वदांहून अधिक चोऱ्या नोंदलेल्या होत्या. अशा मुलांच्या सोबतीने एक वृद्ध आई व एक तरुण मुलगी एका छपराखाली राहणार, ही गोष्ट किती धाडसाची होती, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

मुलगा घरात येताच विखर्न त्यास प्रथम हेच सांगत, की तुझ्या मागल्या सर्व गोष्टींची तुला क्षमा झाली आहे. येथे भिंत नाही, खंदक नाही, दारास अडसर नाही. आम्ही तुला बांधून ठेवू ते केवळ प्रीतीने, असे ते त्यास समजावीत. त्याच्या पूर्वीच्या अपराधांची कोणी वाच्यता करू नये असा नियम होता. घराभोवती मातीचा एक जुना बांध होता. प्रारंभीच्या कामांत मुलांनी तो बांध स्वतः खणून काढला. ज्यांस कोंडून ठेवावे असे जगाने ठरविले होते, त्यांच्याच हातांनी हे काम झाले.

क्षमा आधी व सुधारणा मागाहून, हा विखर्न ह्यांच्या पद्धतीचा पाया होता. परंतु क्षमा म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हेही ते जाणून होते. शेकडो मुले एका मोठ्या इमारतीत कोंबण्याची चाल त्यांस पसंत नव्हती. मुले वाढली तसतशी त्यांनी आवारात लहान लहान घरे बांधली. पहिले नवे घर १८३४ साली उभे राहिले व त्याच्या बांधकामात मुलांनीही अंग मोडून काम केले. प्रत्येक घरात सुमारे बारा मुलांचे एक कुटुंब असे आणि त्यांच्याबरोबर एक तरुण 'बंधू' राहत असे. तो त्यांच्याबरोबरच जेवी, निजे व काम करी. १८३५ पासून मुलींसही घेण्यात येऊ लागले. त्याच वर्षी विखर्न ह्यांचा विवाह आमांडा ब्योमे ह्यांच्याशी झाला आणि त्या ह्या मोठ्या कुटुंबाची माता बनल्या.

दिवसाचा काही भाग शाळेत जाई व काही भाग कामात. मुले बागकाम, सुतारकाम, शिवणकाम, जोडे बनविणे व पुढे छापखान्याचे काम शिकत. प्रत्येक मुलाविषयी विखर्न स्वतंत्र टिपण ठेवीत. कारण एकास जो उपाय लागू पडतो तो दुसऱ्यास पडतोच असे नाही. मुलांचा आईबापांशी संबंध तुटू नये ह्याचीही ते काळजी घेत. मुलगा वयात आल्यावर त्यास एखाद्या चांगल्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवीत आणि पुढेही त्याची विचारपूस करीत.

हे सर्व सुखासुखी झाले असे कोणी समजू नये. मुले पळून जात, चोरी करीत, खोटे बोलत. पळालेल्यास शोधून परत आणले जाई. सगळीच मुले सुधारली असेही नाही. परंतु घराभोवती भिंत बांधावी असे विखर्न ह्यांस कधी वाटले नाही. नाताळ कधी येणार, असे मुले अधीरपणे विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या. रविवारांसाठी चार मोठ्या व इतर दिवसांसाठी लहान. दररोज एक अधिक मेणबत्ती लावावयाची. आज जगातील पुष्कळ ख्रिस्ती मंदिरांत व घरांत आगमनकाळी जे मेणबत्त्यांचे चक्र दिसते, त्याचा उगम ह्या टाकलेल्या मुलांच्या घरात आहे.

ह्या कार्याची कीर्ती दूरवर गेली. फ्रान्समधील न्यायाधीश देमेट्झ ह्यांनी हे घर पाहून आपल्या देशात मेत्रे येथे अशीच कुटुंबांची वसाहत स्थापिली. १८४३ साली अमेरिकेतील प्रसिद्ध शिक्षणसुधारक होरेस मान ह्यांनीही येथे भेट दिली. १८४८ च्या सप्टेंबरात विटेनबर्ग येथील सभेत विखर्न ह्यांनी जर्मन मंडळीस आपल्याच देशातील दीनदुबळ्यांच्या सेवेसाठी जागे केले. १८५७ पासून त्यांनी प्रशियाच्या सरकारात तुरुंगसुधारणेचे काम केले. अखेरची कित्येक वर्षे पक्षाघाताच्या आजारात काढून ७ एप्रिल १८८१ रोजी ते हॅम्बुर्ग येथे निधन पावले.

विखर्न ह्यांच्या विचारांत उणीव नव्हती असे नाही. लोकांच्या हालांचे मूळ ते मुख्यत्वे देवापासून दूर जाण्यात पाहत. अपुरी मजुरी व कारखान्यांतील अन्याय ह्यांकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही, असा त्यांच्यावर आक्षेप आहे व तो अगदीच निराधार नाही. शिवाय मनाच्या आजारांचे वैद्यक त्या काळी बाल्यावस्थेत होते. आज आपणांस ठाऊक आहे, की मुलाचा अनावर राग, दिवसेंदिवसांचे मौन अथवा पळून जाण्याची खोड ही कधी आजाराची, कधी लहानपणी सोसलेल्या माराची वा अत्याचाराची खूण असते. अशा मुलास भूत लागले म्हणून साखळीने बांधणे अथवा वाईट म्हणून बदडणे हे पाप आहे. त्यास मानसरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले पाहिजे. प्रार्थना अवश्य करावी. पण औषध बंद करून नव्हे. १९४३ सालच्या बाँबवर्षावात ते जुने घर जळाले, तरी ती संस्था उभी आहे. अडचणीत सापडलेली मुले व मनाने आजारी असलेली माणसे ह्यांची सेवा तेथे आजही चालते आणि शाळाही आहे.

आता आम्ही आमच्या वाचकांकडे वळतो. आपल्या प्रत्येक गावात असा एखादा मुलगा असतो, ज्याचे नाव निघताच लोक मान हालवितात. उधळ्या पुत्राचा दाखला आपण उपासनेत ऐकतो; पण तो पुत्र परत येऊन आपल्याच अंगणात उभा राहिला तर त्याच्या जुन्या चोऱ्या आपण किती दिवस मोजीत राहतो? सर्वांस उद्धारगृह स्थापिता येणार नाही. तथापि मुलाच्या घरी जाऊन त्याची हकिकत ऐकणे, त्याचे मागील नाव पुन्हा न घेणे, त्यास एखादे हुन्नर शिकविणाऱ्या भल्या माणसाच्या हाती देणे आणि आजारी असल्यास त्याच्याबरोबर दवाखान्याची वाट चालणे, एवढे तर गरीबातल्या गरीब मंडळीसही शक्य आहे. विखर्न ह्यांनी आरंभ केला तेव्हा त्यांच्यापाशी गवती छपराचे एक घर, एक आई व एक बहीण एवढेच होते. आपल्या मंडळीत तेवढे खचित आहे.