उन्हाला कामाला लावणारा शास्त्रज्ञ

जाकोमो चामिचान यांचा जन्म 1857 साली त्रिएस्ते येथे आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. 1889 मध्ये ते इटलीतील बोलोन्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी कारखान्यातले रसायनशास्त्र म्हणजे भट्टी, तीव्र आम्ले आणि कोळशाचा धूर. झाडाचे पान मात्र नुसत्या उन्हावर काम करते, मग माणसाला ते का जमू नये, असा प्रश्न चामिचान यांना पडला. सहकारी पाउल सिल्बर यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेच्या गच्चीवर रसायनांनी भरलेल्या काचेच्या बाटल्या उन्हात मांडल्या. काही वेळा महिनोन्‌महिने वाट पाहायची आणि मग आत काय बदलले ते तपासायचे, असे त्यांचे काम वर्षानुवर्षे चालले.

1912 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांनी सांगितले की कोळसा म्हणजे साठवलेले जुने ऊन आहे आणि तो कायम पुरणार नाही. उन्हावर चालणारे बिनधुराचे कारखाने वाळवंटातही उभे राहतील, अशी त्यांची कल्पना होती. पण जग पेट्रोलियमकडे वळले. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवले जाऊनही त्यांना ते मिळाले नाही. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे पेट्रोलियमपासून प्लास्टिक बनू लागले आणि त्याच्या कचऱ्याचे डोंगर झाले. आता शास्त्रज्ञ प्रकाश, ऑक्सिजन आणि उत्प्रेरक यांच्या मदतीने थर्माकोलमधील पॉलिस्टायरीनपासून बेन्झोइक आम्ल मिळवत आहेत. अन्न टिकवण्यासाठी ते उपयोगी पडते. हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आहे.

छात्रमित्रांनो, ऊन आपल्या परेड मैदानावरही भरपूर आहे. हवी आहे ती चामिचान यांची चिकाटी.